तापमान स्थिर होईपर्यंत

आवटी सर वाचायचे थांबले. पंख्याच्या वाऱ्याने कागदांचे कोपरे उचलले जात होते आणि मी ते तळहाताने दाबून धरले होते. माझ्या डावीकडे आवटी सर, हातात छापलेलं पान. उजवीकडे मगदूम सर, समोरच्या संगणकाच्या पडद्यावर तोच मजकूर मूळ कोडमध्ये उघडलेला. पानावर चूक होती. ती दोघांनाही दिसली होती, मलाही दिसली होती. पण ती बोलून कुणी दाखवायची, हे ठरत नव्हतं.

"विभावरी," शेवटी मगदूम सर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "त्यांना सांग, दार उघडल्यावर पंखा बंद होतो, कॉम्प्रेसर नाही."

आवटी सर त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेले होते.

"सर, दार उघडल्यावर पंखा बंद होतो," मी म्हणाले.

"कॉम्प्रेसर नाही."

"कॉम्प्रेसर नाही."

"त्यांना म्हणावं, कमेंट त्यांचीच आहे," आवटी सर मला म्हणाले. "मी जे छापलंय ते वाचतोय."

"म्हणावं, लिहिली तेव्हा तसंच होतं. नंतर कुणीतरी कोड बदलला आणि कमेंट तशीच ठेवली," मगदूम सर म्हणाले.

आवटी सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "कुणीतरी म्हणजे मी. चुकलं माझं, सांग त्यांना."

मी मगदूम सरांकडे वळले. त्यांनी हात वर केला. ऐकू आलं होतं.

सांगलीतल्या त्या कचेरीत मी आले, तेव्हा मला कवितेखेरीज फारसं काही येत नव्हतं. यवतमाळहून एम.ए. झालेली, शिकवण्याची नोकरी न मिळालेली, तांत्रिक लेखनाचा एक अभ्यासक्रम उरकून जिथे बोलावलं तिथे निघून आलेली मुलगी. विश्रामबागेत एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवत असू. तासगावच्या बाजूला द्राक्षं वाळून बेदाणा होतो आणि मग महिनोन्महिने थंड अंधारात राहतो. त्या अंधाराचं तापमान राखणारा कोड भूपाल मगदूम आणि दत्तात्रय आवटी या दोघांनी मिळून लिहिला होता. दोघेही पन्नाशी ओलांडलेले, एकाच पॉलिटेक्निकात शिकलेले, एकाच खोलीत बसणारे. त्यांची टेबलं पाठीला पाठ लावून ठेवलेली होती. एकाला खिडकी दिसे, दुसऱ्याला भिंत.

ते एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. का, ते मालकांनी सांगितलं. किणीकर साहेब मोठ्याने हसणारे, सतत कुठेतरी निघालेले गृहस्थ होते.

"विभावरी, तुमच्या यवतमाळकडं लोक काम करून राहतात म्हणे," ते म्हणाले होते. "आमच्यात नुसतं करतात. बघा जमतंय का." आणि मग आवाज उतरवून, "त्या दोघांत पडू नका. मगदूमची बायको गेली तेव्हा आवटी दहनाला आला नाही. रोज त्यांच्या घरी जेवणारा माणूस. वहिनी वहिनी करणारा. आला नाही, दहाव्याला नाही, नंतर नाही. तेव्हापासून हे असं. मी दोनदा समजवायला गेलो, दोघांनी मला हाकललं."

माझं काम पुस्तक काढण्याचं होतं. पुण्याची एक कंपनी आमचं सॉफ्टवेअर विकत घेणार होती आणि तिला प्रत्येक फंक्शनची, म्हणजे कोडच्या एकेका तुकड्याची, लेखी माहिती इंग्रजीत हवी होती. ती माहिती बसून लिहायची नव्हती, कोडमधूनच उपसायची होती. कोडमध्ये कमेंट असतात. यंत्र त्यांच्यावर नजर न टाकता पुढे जातं. माणसाने माणसासाठी लिहिलेल्या त्या ओळी. ज्या कमेंटच्या तोंडाशी एक तिरकी रेघ आणि दोन तारका असतील, तेवढीच एक प्रोग्राम उचलायचा आणि तिचं नीटनेटकं पान करायचा. नुसत्या दोन तिरक्या रेघांची कमेंट असेल, तर तो तिला शिवायचा नाही. ती कोडमध्येच मागे राहायची.

मगदूम आणि आवटी यांनी ही शिस्त सुरुवातीपासून पाळली होती. तारकांच्या कमेंट जगासाठी, इंग्रजीत, कोरड्या. रेघांच्या कमेंट एकमेकांसाठी, मराठीत, रोमन अक्षरांत टंकलेल्या.

त्या मी वाचायला लागले ते नाइलाजाने. कोड समजून घ्यायचा होता. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर बोलायला कुणी नसे. घरमालकीण दाराखालून विजेचं बिल सरकवायची, तेवढाच माझा शेजार. मग मी कचेरीतच उशिरापर्यंत बसायची सवय लावून घेतली, आणि त्या फायलींत मला दोन माणसं बोलताना सापडली.

‘दत्ता, इथे सेन्सर खोटं बोलतो. पहिला आकडा सोडून दे.’ त्याखाली, ‘सोडला. पण दुसराही खोटा निघाला तर?’ त्याखाली, ‘मग तिसऱ्याला विचार. सगळेच कसे खोटं बोलतील?’ आणि तळाशी, बऱ्याच दिवसांनंतरची तारीख घालून, ‘बोलतात. काल पाहिलं.’

एका जागी फक्त हे होतं: ‘भूपाल, डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ऐकलं. या फायलीतल्या ओळी तोडून आखूड केल्या आहेत. वाचायला त्रास नको.’ खाली उत्तर नव्हतं. पण पुढच्या फायलीत मगदूम सरांनी लिहिलं होतं, ‘आता लांब ओळ चालते.’

आवटींच्या मुलाला नोकरी लागल्याचं तिथेच आलं होतं. मगदूमांच्या मुलीचं लग्न ठरल्याचंही. लग्नाला आवटी गेले नव्हते, पण कोणत्या तरी दार-बंद फंक्शनच्या कडेला ‘सुखी राहो’ एवढे दोन शब्द टंकून ठेवले होते. माणसं पत्रात लिहितात तसं हे लिहिलेलं नव्हतं. विहिरीच्या तळाशी दोघं जण उभे आहेत, मध्ये भिंत आहे, आणि अधूनमधून कुणीतरी भिंतीवर बोट वाजवून पाहतो आहे, तसं ते होतं. मी ऐकत होते. त्या गावात मला ऐकू येणारं तेवढंच होतं. पद्मिनीबाईंचा, मगदूमांच्या बायकोचा, उल्लेख मात्र एकाही फायलीत नव्हता.

मग पुण्याहून मेल आलं. पुस्तकाबरोबर कोडही साफ करून द्यावा. तारकांच्या कमेंट ठेवाव्या, बाकी सगळ्या काढून टाकाव्या.

हे सांगायला मी आधी आवटी सरांकडे गेले. ते डबा उघडून बसले होते, भाकरीवर चटणी पसरत.

"सर, रेघांच्या कमेंट पुसायला सांगितल्यात."

"पुसा की."

"सगळ्या जातील."

"आता वाचणार कोण गं त्या?" ते म्हणाले. "मी बंगळूरला चाललोय पोराकडं. व्यवहार झाला की सुटलो. घे, चटणी बघ. कारळ्याची आहे."

मी चटणी घेतली. त्यांनी पुन्हा वर पाहिलं नाही.

मगदूम सरांनाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाला मी खाली गेले, तर ते टपरीच्या बाकावर माझी वाट बघत बसलेले दिसले. एरवी ते चहा पीत नसत.

"बस," ते म्हणाले. "तो जातोय ना बंगळूरला?"

"हो. म्हणाले तसं."

"तुला म्हणाला. मला कोडमधनंच कळायचं, आता ते पण पुसणार." त्यांनी पेला हातात फिरवला. "उद्या वाचनाला शेवटची पानं आहेत. त्यात थांबण्याचं फंक्शन येतं. माहितीय कुठलं?"

माहीत होतं. बेदाण्याचा नवा माल आत भरला की खोलीचं तापमान चढतं, मग हळूहळू बसतं. ते स्थिर होईपर्यंत हे फंक्शन यंत्राला थांबवून ठेवायचं आणि स्थिर झालं की आपोआप पुढचं काम सुरू करायचं. मगदूमांनीच लिहिलेलं.

"त्याच्या कमेंटमध्ये मी एक ओळ घातलीय," ते म्हणाले. "तारकांच्या आत. पुस्तकात येईल. तू ती काढू नको."

"सर, काय आहे तिच्यात?"

"बघशीलच."

"मग रेघांची कमेंट का नाही लिहिलीत? ते वाचतील. अजून पुसलेल्या नाहीत."

"रेघांत लिहिलं तर तो रेघांतच उत्तर देणार. किंवा देणारच नाही." मगदूम सर रस्त्याकडे बघत होते. "मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. एकदा. मग त्याला जिथं जायचं तिथं जाऊ दे. तो गेल्यावर मी कुणाला विचारू?"

वाचनाची पद्धत किणीकर साहेबांची होती. त्यांच्या वडिलांचा मिरजेला छापखाना होता, आणि तिथे पुस्तकाची मुद्रितं एकाने मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मूळ प्रतीशी ताडून पाहायची, असा दंडक होता. आपली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वाचणाऱ्याने दुसऱ्याचं लिखाण वाचायचं. साहेबांनी तो दंडक जसाच्या तसा आमच्यावर लादला होता. त्यामुळे मगदूमांच्या फंक्शनची पानं आवटी वाचत, आवटींची मगदूम. कित्येक वर्षांत त्या दोघांनी एकमेकांचा आवाज असा समोर बसून ऐकला तो त्या दिवसांतच. पण ते वाचणं होतं. वाचताना माणूस बोलत नसतो.

परत येऊन मी फाईल उघडली. ओळ तिथे होती, इंग्रजी मजकुराच्या पोटात, पहिल्या परिच्छेदानंतर. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. एक तारका पुसली असती तर पान सगळं कोडमध्येच राहिलं असतं. नुसती ओळ खोडली असती तर पान इतर पानांसारखं गुळगुळीत झालं असतं. खिडकीबाहेर बँकेच्या पाटीचे दिवे लागले. मी प्रोग्राम चालवला, पानं छापली, चळत केली आणि ती टेबलावर पालथी ठेवून खोलीवर गेले.

सकाळी तिघंही वेळेवर आलो. आवटी सरांनी चळत पुढे ओढली आणि वाचायला सुरुवात केली. त्यांचं इंग्रजी पॉलिटेक्निकच्या वर्गातलं होतं. प्रत्येक शब्दावर सारखाच भार, विरामावर घोटभर श्वास. मगदूम सर पडद्यावर ओळीमागून ओळ ताडत होते. गजराचं पान झालं. दिव्यांचं झालं. थांबण्याच्या फंक्शनचं पान आलं तेव्हा मगदूम सरांचा हात माउसवरून खाली आला आणि मांडीवर जाऊन बसला.

आवटी सर वाचत होते. खोलीचं तापमान, नवा माल, किती वेळ थांबावं, कोणत्या फरकाला स्थिर म्हणावं. परिच्छेद संपला. त्यांनी श्वास घेतला आणि त्याच सुरात पुढची ओळ वाचली. भाषा बदललेली त्यांच्या जिभेला आधी कळली, डोळ्यांना नंतर.

"दत्ता, पद्मिनी गेली त्या दिवशी तू मला न भेटता का गेलास?"

वाचून झालं तरी ते पानाकडे बघत राहिले. पंखा फिरत होता. मी कागद धरायचे विसरले आणि वरची दोन पानं उडून जमिनीवर गेली. ती कुणीच उचलली नाहीत.

"विभावरी," आवटी सर म्हणाले, "हे तुला माहीत होतं?"

"हो, सर."

त्यांनी पान खाली ठेवलं. मग खुर्ची फिरवली, नीट, पूर्ण, आणि मगदूमांच्या समोर आणली.

"मोठ्यानं वाचायला लावलंस."

"नाहीतर बोलला नसतास," मगदूम म्हणाले.

"नसतो बोललो."

"मी पोचलो तेव्हा ती एकटी होती दवाखान्यात. चादर ओढलेली. नर्स म्हणाली, आणणारे पाहुणे आत्ताच गेले. आत्ताच, दत्ता. जिन्यात चुकलो आपण. मी तुझी वाट बघितली स्मशानात. लोक म्हणाले, उशीर होतोय, किती थांबणार? मी म्हटलं, येईल तो."

"मी मागच्या दारानं गेलो. तुझी गाडी दारात बघितली आणि मागनं गेलो."

"का?"

आवटी सरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ते बोलू लागले तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. हिशेब उलगडून सांगणाऱ्या माणसाचा तो आवाज होता.

"तू तासगावला होतास. पहिलाच प्लँट आपला, माल भरलेला. वहिनींच्या छातीत दुखायला लागलं, शेजारच्या पोरानं मला बोलावलं. मी रिक्षात घालून मिरजेला आणलं. समोरच्या बूथवरनं तुला फोन केला. आठवतंय?"

"आठवतंय."

"काय म्हणालास?"

मगदूमांनी नजर पडद्याकडे वळवली.

"म्हणालास, तापमान बसू दे, निघतोच. मी आत गेलो. वहिनी म्हणाल्या, हे निघाले का? म्हटलं, निघालाय. जरा वेळानं परत फोन केला. तू म्हणालास, अजून बसलं नाही, बसलं की निघतो. आत गेलो. वहिनी म्हणाल्या, कुठवर आले असतील? आता काय सांगू? म्हटलं, कवलापूर ओलांडलं असंल. त्यांना जरा बरं वाटलं. डोळे मिटून पडल्या. मग परत विचारलं. म्हटलं, माधवनगरला आला. मग म्हटलं, सांगलीत शिरला, फाटकाला अडकलाय. असं गाव गाव तुला पुढं आणत होतो मी, भूपाल. आणि तू खुर्चीतनं उठला नव्हतास. मिरजेपर्यंत आणायच्या आत त्या गेल्या."

मगदूमांनी चष्मा काढला. पुसला नाही. नुसता हातात धरला.

"त्या दिवशी तुझ्यासमोर आलो असतो तर हे तोंडातनं निघालं असतं," आवटी म्हणाले. "तिथंच, सगळ्यांच्या देखत, तुझ्या पोरीच्या देखत. म्हणून गेलो. दहनाला आलो नाही ते त्याच्यापायी. नंतर बोललो नाही तेही त्याच्यापायीच. एकदा बोलायला लागलो की इथंवर येणार, हे ठाऊक होतं मला. गाव म्हणालं, आवटीनं पाठ फिरवली. म्हटलं, म्हणू दे. तुला काही म्हणण्यापेक्षा मला म्हटलेलं बरं."

"तू मला सांगायला पाहिजे होतंस."

"काय सांगायला पाहिजे होतं? तुला माहीत नव्हतं?" आवटींनी टेबलावरचं पान बोटाने त्यांच्याकडे सरकवलं. "महिन्याच्या आत तू हे फंक्शन लिहिलंस. यंत्र आपोआप थांबणार, आपोआप पुढं जाणार. तिथं माणसानं बसून राहायचं कारण नाही. मी त्याच दिवशी वाचलं ते. म्हटलं, ह्याला कळलंय. आता बोलण्यासारखं काही उरलं नाही. कमेंटमध्ये सेन्सरचं बोलू, पोरांचं बोलू. तेवढ्यावर निभावलं की नाही आपलं?"

"निभावलं."

"मग कशाला विचारलंस?"

खालून टपरीवाल्याने कुणालातरी हाक मारलेली ऐकू आली. बँकेचं शटर वर जात होतं.

"तू विचारलंस म्हणून आता मी विचारतो," आवटी म्हणाले. त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. दोघांचे गुडघे जवळजवळ टेकले होते. "पहिल्या फोनला नाही निघालास, समजू शकतो. आपला पहिलाच प्लँट. पण दुसऱ्यांदा मी रडत होतो रे फोनवर. तुला ऐकू आलं होतं. बेदाणा नासला असता तर नासला असता. भूपाल, दुसऱ्या फोनला तू का उठला नाहीस?"

मगदूम सरांनी चष्मा डोळ्यांना लावला, टेबलाची कड धरून उठले आणि जमिनीवर पडलेली दोन पानं उचलून माझ्यासमोर ठेवली. आवटी सर खुर्चीतून वर त्यांच्या तोंडाकडे बघत होते, उत्तराची वाट पाहणारा माणूस बघतो तसे. मगदूमांनी त्यांच्या खांद्याला हात लावल्यासारखं केलं, पण तो लागला नाही. ते दाराशी गेले, क्षणभर तिथे उभे राहिले, आणि मग जिना उतरत गेले.